आप्पांच्या हाताला बसणारी मूठ: बाभळीचा दाढीचा ब्रश घरी घडवताना

बांधावरची_बाभूळ

नमस्कार मंडळी. गेले तीन महिने माझ्या रविवारच्या दुपारी गच्चीतल्या पत्र्याखाली लाकूड घासण्यात चालल्यात. काय केलं, कुठं चुकलं, सगळं सविस्तर लिहितोय. मला शोधताना मराठीत काहीच सापडलं नव्हतं.

आमचे आप्पा. ३५ वर्षं सोलापुरात चादरीच्या कारखान्यात माग चालवला. आता उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो. दाढी मात्र रोज, खिडकीच्या गजाला आरसा टांगून, पितळी वाटीत साबण घोळवून. प्लास्टिकचा ब्रश ओला झाला की हातातून निसटायचा. दोनदा मोरीत पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी मला फोमचा डबा आणायला सांगितला. तो आठ दिवस वापरला, मग बाजूला ठेवला आणि दाढीच एक दिवसाआड करायला लागले. ब्रश काही परत मागितला नाही. ते मला फार लागलं.

नव्या पेठेत जाड मुठीचे ब्रश बघितले. सगळ्यांची कंबर बारीक, बोटांच्या चिमटीत धरायचे. आप्पांना चिमूट करताच येत नाही. मग ठरवलं की केसांचा झुबका तयार मागवायचा आणि मूठ त्यांच्या हाताच्या मापाची आपणच करायची.

माप. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गणपतीच्या वेळचा शाडू उरला होता. तो भिजवून मोसंबीएवढा गोळा केला, वर जुना ब्रश खोचला आणि आप्पांना म्हटलं, "दाढीला धरता तसा धरा, आणि गालावर फिरवून बघा." त्यांनी गोळा भोवऱ्यासारखा धरला. बूड तळव्यात, चार बोटं भोवती, आणि अंगठा टोकानं न दाबता कडेनं आडवा टेकवलेला. मी इतकी वर्षं बघतोय, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं. शाडूत अंगठ्याचा खळगा उमटला तो मी धरून चाललो होतो त्यापेक्षा बराच खाली आणि डावीकडं कललेला. गोळा दोन दिवस सावलीत वाळवला आणि व्हर्नियरनं मापं घेतली. सगळ्यात जाड जागी ४१ मिमी, उंची ५८ मिमी, वरचा काठ ३३ मिमी.

लाकूड. मंगळवेढ्याकडं आमच्या शेताच्या बांधावरची बाभूळ दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात पडली. तिचे ओंडके उभे फोडून गोठ्याच्या सावलीत रचले होते. मधला गाभा, म्हणजे खोडाचा अगदी केंद्रबिंदू, ज्या तुकड्यात येतो तो घ्यायचा नाही. तो तुकडा हमखास तडकतो. गाभ्याच्या बाजूचं तांबूस पक्कं लाकूड घेतलं, ४५ बाय ४५ आणि ७५ मिमी लांब. दोन वर्षं वाळलेलं असूनही घरी आणल्यावर लगेच हात लावला नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीनं लिहीत गेलो: १३१, १२६, १२३, १२२, १२२ ग्रॅम. वजन घटायचं थांबलं तेव्हा कामाला घेतलं. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की बाहेरून वाळलेलं दिसणारं लाकूड आतून ओलं राहतं आणि चैत्रात चिरा पाडतं.

भोक आधी, आकार नंतर. तुकडा चौकोनी असेपर्यंतच शिकंज्यात सरळ धरता येतो. गोल झाल्यावर धरायचं कसं? माझा झुबका २४ मिमीचा, म्हणून २५ मिमीचं फोर्स्टनर बिट घेतलं. हे बिट तळ सपाट करतं आणि काठ फाडत नाही. बिटाला १३ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून खूण केली. बाभूळ कडक आहे, मशीन जोरात फिरवलं की धूर येतो आणि भोक काळं पडतं. हळू फिरवायचं, दर दोन-तीन मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटकायचा.

घडवणं. खराद, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, माझ्याकडं नाही. तुकड्याच्या बुडाला ७ मिमीचं भोक पाडून त्यात डोकं कापलेला ८ मिमीचा बोल्ट पिळून बसवला. बोल्टचं दुसरं टोक ड्रिल मशीनच्या चकमध्ये, आणि मशीन टेबलाला दोन क्लॅम्पनी आडवं आवळलेलं. त्याआधी करवतीनं कोपरे उडवून आठ बाजू केल्या. मग लाकूड फिरत असताना आधी जाड कानस, मग बारीक, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. अंगठ्याचा खळगा फिरवून होत नाही, तो शेवटी हातानं अर्धगोल कानशीनं केला. चष्मा आणि मास्क लावलाच पाहिजे, बाह्या वर, आणि फिरत्या कामाला हातमोजे अजिबात नकोत.

पहिली मूठ वाया गेली. खळगा खोल करत होतो, आणि कानस फिरवता फिरवता लाकडातून उजेड दिसला. आतलं भोक १३ मिमी खोल आहे हे डोक्यात होतं, पण हात थांबला नाही. आता मी काठापासून १६ मिमीवर पेन्सिलीची रेघ मारतो. त्या रेघेच्या वर कंबर किंवा खळगा घ्यायचा नाही, आणि काठाची भिंत ४ मिमी ठेवायची.

दुसरी मूठ देखणी झाली, पण झुबका मी पांढऱ्या सुतारी गोंदानं चिकटवला. अकराव्या दिवशी झुबका वाटीत राहिला आणि मूठ आप्पांच्या हातात. त्यांचा चेहरा बघून मला रात्री झोप आली नाही.

तिसरी गेले पाच आठवडे रोज वापरात आहे. हिचा झुबका दोन नळ्यांच्या अ‍ॅराल्डाइटनं बसवलाय. आप्पांची दाढी परत रोज सुरू झाली आहे.

एका गोष्टीत सल्ला हवाय. वरून काय लावावं? दुसऱ्या मुठीला जवसाचं उकळलेलं तेल दिलं होतं, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते. तेवढ्या अकरा दिवसांतच बूड करडं पडलं. तिसरीला पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, पाच हात दिलेत. ते टिकेल का?

नवखा

अप्रतिम काम. शाडूची कल्पना फार आवडली. एक प्राथमिक प्रश्न, झुबका भोकात किती खोल बसवायचा?

बांधावरची_बाभूळ

झुबक्याच्या बुडाला राळेचा कडक गट्टू असतो, त्याच्या वर केस सुरू होतात. गट्टू काठाच्या किंचित खाली गेला पाहिजे. केस बाहेर किती राहतात त्यावर ब्रशचा स्वभाव ठरतो. जास्त राहिले तर मऊ आणि लोळणारा, कमी राहिले तर ताठ. २४ मिमीला ५० ते ५२ मिमी बाहेर ठेवतात, तसंच मी ठेवलंय. चिकटवण्याआधी नुसता बसवून बघा. फार खोल जात असेल तर खाली एक-दोन वॉशर टाका. ती उंची मनासारखी झाली की मगच डिंक कालवा.

रंधापटाशी

दादा, ४० वर्षं सुतारकाम केलंय, म्हणून हक्कानं लिहितो.

तेलाचं आधी. बेलतेल पोळपाटाला, खुर्चीला ठीक. रोज साबणाचं पाणी लागणाऱ्या वस्तूला ते पुरत नाही. साबण अल्कधर्मी, तो तेल उठवतो. चपड्याचं पॉलिशही नको, पाणी लागलं की पांढरे डाग पडतात. पीयू बरोबर आहे. पण पहिला हात निम्मा थिनर घालून पातळ द्या, तो आत मुरतो. पुढचे हात दाट, मध्ये ४०० नंबरनं हलकं घासून. शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर पाणी लावू नका. वरून सुकल्यासारखं वाटतं, आतून पक्कं व्हायला वेळ लागतो.

पीयूच्या आधी एक करा. घासून झाल्यावर ओलं फडकं फिरवा आणि वाळू द्या. लाकडाचे रोम उभे राहतील. ते ३२० नंबरनं उतरवा. दोनदा केलं की पुढं पाणी लागलं तरी पृष्ठभाग खरखरीत होत नाही.

तुमचं बूड करडं का पडलं? लाकूड पाणी पितं ते तोडलेल्या टोकाकडून. झाडाच्या नळ्या तिथं उघड्या असतात. तुमच्या मुठीची दोन टोकं म्हणजे बूड आणि झुबक्याचं भोक. बुडाला दोन हात जास्त द्या. भोकाच्या आत अ‍ॅराल्डाइटचा पातळ थर आधी फिरवून वाळू द्या, मग झुबका बसवा. बोल्टचं भोकही त्याच लाकडाच्या गुज्जीनं, म्हणजे ठोकून बसवायच्या खुंटीनं, बंद करा, नुसती पुट्टी भरून सोडू नका.

आणि ज्यांनी कुणी बेलतेल वापरलंय त्यांनी हे लक्षात ठेवा. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी मिळून वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेते. आपल्या मे महिन्यात तर फारच जपायला हवं. फडकं बाहेर दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. मी एका साइटवर भुशाचं पोतं असं पेटलेलं डोळ्यांनी बघितलंय.

बांधावरची_बाभूळ

काका, भोकाच्या आतून लेप द्यायचं मला सुचलंच नव्हतं. पुढच्या मुठीला तसंच करतो. फडक्याचं तर माहीतच नव्हतं, मी डब्यात कोंबून ठेवलं होतं. आत्ता जाऊन काढलं.

खरादी

मी लाटणी, पाळण्याचे गज, भोवरे कातायचं काम करतो. ड्रिल मशीनवर केलंय ते छानच झालंय, पण एक सांगायलोय. ड्रिलचं बेरिंग समोरून दाब घ्यायला असतंय, बाजूनं नाही. कानस जोरात टेकवली की चक हलायला लागतंय, मग काम बी थरथरतंय. पटाशी तर ड्रिलवर लावूच नका, लाकूड उडून तोंडावर येतंय. तुमी कानस आन् पेपरच वापरला ते बरोबर केलं.

ज्यांच्याकडं मशीन नाही त्यांनी लाकूड घेऊन गावातल्या खराद्याकडं जावा. पण भोक आधी पाडून न्या आन् नक्षा कागदावर खऱ्या मापात काढून न्या. "ब्रशसारखं करा" म्हटलं तर आमी आमच्या डोळ्यानं करतो, मग तुमच्या हाताला बसत नाही. शाडूचा गोळाच आणून दिला तर लई सोपं जातंय.

निंबोणी

मी माझ्या भावासाठी करून बघावं म्हणते. घरामागचा कडुनिंब महापालिकेची परवानगी काढून छाटला होता, त्याची मनगटाएवढी फांदी वर्षभर माळ्यावर पडून आहे. निंब चालेल का? माझ्याकडे ड्रिल आहे, पण क्लॅम्प, टेबल वगैरे काही नाही.

रंधापटाशी

ताई, निंब चालतो. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळं रंधा उलट फिरवला की ओरबाडतो. धार चांगली ठेवा आणि शेवटचं काम पेपरवर सोडा. मनगटाएवढ्या फांदीत गाभा मधोमध येणार, तेवढं बघा. फांदी उभी चिरून गाभा टाळता आला तर उत्तम. बाजूला चिरा आधीच दिसत असतील तर ती फांदी सोडून द्या.

मूठ गोलच हवी असं काही नाही. अष्टकोनी करा. चौकोनी ठोकळ्याला चारही कोपरे रंध्यानं मारले की आठ बाजू होतात. खराद नको, बोल्ट नको. वर थोडी निमुळती, बुडाशी रुंद, कडा ८० नंबरनं मोडलेल्या. साबणानं हात बुळबुळीत झाला की गोल मूठ हातात फिरते, अष्टकोनी फिरत नाही. आमच्या पटाश्यांच्या मुठीला कडा असतात त्या त्याचसाठी.

बाकी झाडांचं थोडक्यात: साग सोपा आणि पाण्याला चांगला. चिंचेचं आतलं पक्कं लाकूड सुंदर काळपट, पण लवकर तडकतं. शिसवाचा भुसा काहींना सोसत नाही, अंगावर पुरळ येतं, मास्क लावूनच घासा. कण्हेर मात्र कधीही घेऊ नका. ती विषारी आहे, आणि ही वस्तू तोंडाजवळ जाते.

बॉबिन

आमच्या घरात जुन्या मिलमधल्या लाकडी बॉबिनी, म्हणजे सूत गुंडाळायची रिळं, आहेत, आजोबांनी मिल बंद पडल्यावर भंगारातून आणलेल्या. त्यातल्या एका जाड बॉबिनीची मूठ मी गेल्या वर्षी केली. कुणी करणार असेल तर दोन गोष्टी. टोकांना पत्र्याची कडी बसवलेली असते, ती आधी काढा, नाहीतर बिटाची धार जाते. आणि लाकडात वर्षानुवर्षांचं मशीनचं तेल मुरलेलं असतं, त्यावर कुठलाच डिंक धरत नाही. मी भोक आतून थिनरच्या फडक्यानं चार-पाच वेळा पुसलं, दर वेळी फडकं पिवळं निघायचं. पांढरं निघायला लागलं तेव्हा चिकटवलं. बॉबिनीच्या आरपार भोकात खालून गुज्जी ठोकावी लागते.

तिच्यावर सुतानं पडलेल्या बारीक रेघा आहेत. त्या मी घासल्या नाहीत, तशाच ठेवून वरून पीयू दिलाय. दाढी करताना बोटाला लागतात.

बांधावरची_बाभूळ

हे वाचून आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, रेघा घासल्या नाहीत ते चांगलं केलं.

नवखा

आमच्या ओळखीत एकांकडे घोडे आहेत. शेपटीचे केस सहज मिळतील. झुबकाही घरी बांधला तर?

रंधापटाशी

नको. कच्चे केस घरी घ्यायचे नाहीत.

होटगीरोड_सलून

काकांनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं. जनावराच्या कच्च्या केसांत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू बीजरूपात असू शकतात, आणि ते साध्या धुण्यानं मरत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशमुळं सैनिकांना आणि साध्या माणसांनाही काळपुळी झाली होती, लोक दगावले होते. वस्तऱ्यानं कातडी थोडी जरी कापली की जंतूला वाट मिळते. तयार झुबकाच घ्या. मी तर कृत्रिम तंतूचाच सांगतो. लवकर वाळतो, वास धरत नाही, भिजत ठेवावा लागत नाही. डुकराच्या केसांचा घेतलात तर वापरण्याआधी दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजू द्या, नाहीतर केस तुटतात.

आता माझ्या धंद्यातलं. लाकडी मूठ घरची, एकाच माणसाची. सलूनमध्ये मी ती ठेवत नाही. आम्हाला ब्रश जंतुनाशकात बुडवावा लागतो, आणि लाकूड रोज बुडवलं की कुठलंही पॉलिश सुटतं. घरीसुद्धा फक्त केस भिजवा, मूठ पाण्यात उभी करू नका. झाल्यावर धुवा, झटका, आणि मोरीच्या ओल्या फळीवर न ठेवता खिडकीत ठेवा. केस खाली करून टांगा किंवा उभा ठेवा, वारा लागला म्हणजे झालं.

आणखी एक, सोलापुरात नेहमी येणारी तक्रार. "ब्रशला फेस येत नाही." ब्रशचा दोष नसतो हो. बोअरचं पाणी जड असतं, त्यातलं चुना-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका करतं, फेस धरत नाही. फेसाला अर्धी वाटी पाणी लागतं. तेवढं नळाचं किंवा फिल्टरचं घ्या, तोंड धुवायला बोअरचं चालेल. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात ब्रशची दाढी परवडते ती याचमुळं.

बांधावरची_बाभूळ

दादा, आमच्याकडंही बोअरच. आप्पा साबण दुप्पट घासायचे. उद्यापासून फिल्टरचं अर्धं फुलपात्र भरून ठेवतो.

बांधावरची_बाभूळ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. उन्हाळा संपला, म्हणून तिसऱ्या मुठीचा अहवाल.

मे महिन्यात बुडाशी केसाएवढी चीर दिसली, साधारण १२ मिमी लांब. भोकाकडच्या बाजूला काही नाही. चीर स्वच्छ करून त्यात बाभळीचा बारीक भुसा दाबला, वरून फेविक्विकचा थेंब सोडला. भुसा ते ओढून घेतो आणि दगड होतो. घासून पीयूचे दोन हात दिले. जूनमध्ये पाऊस पडल्यावर ती जागा बोटाला कळतही नाही. चीर बुडाशीच का पडली ते काकांनी आधीच सांगितलं होतं, बूड मी कमी झाकलं होतं.

चौथी मूठ काकांच्या पद्धतीनं केली, आतून लेप आणि बुडाला दोन हात जास्त. ती आप्पांच्या मागावरच्या जोडीदारासाठी. त्यांचा डावा हात चालतो, म्हणून शाडूचा गोळा त्यांच्याकडं घेऊन गेलो होतो. खळगा बरोबर उलट्या बाजूला आला.

निंबोणी

माझी अष्टकोनी मूठ घासून झाली! पण एक घोळ झालाय. २५ मिमीचं बिट मिळालं नाही. सुतारांकडे कपाटाच्या बिजागरीचं २६ मिमीचं होतं, तेच वापरलं, आणि तेही हातात धरून, त्यामुळे भोक थोडं मोठंच पडलंय. झुबका २४ चा. आत टाकला की एका बाजूला कलतो. नुसता डिंक भरून चालेल का?

बांधावरची_बाभूळ

ताई, नुसता डिंक भरलात तर तो वाळेपर्यंत झुबका कलणार आणि तसाच पक्का होणार. हे आप्पांना दाखवलं. त्यांनी कपाटातून २० नंबरचं दुहेरी सूत काढलं आणि माझ्याकडच्या सुट्या झुबक्याच्या गट्टूला वेढे घालून दाखवले. एकाला एक लागून, ताण सारखा, वर परत दुसरा थर. केसांना सूत लागू द्यायचं नाही, फक्त गट्टूला. प्रत्येक थरानंतर भोकात घालून बघायचं. किंचित घट्ट, पण बोटानं ढकलला की जाईल, इतपत झालं की थांबायचं. मग अ‍ॅराल्डाइट सुतात चोळून मुरवा, थोडं भोकात लावा, आणि झुबका फिरवत फिरवत आत घाला. वर आलेला डिंक लगेच पुसा, केसांत गेला तर निघत नाही. आप्पा म्हणाले, सूत सुतीच घ्या, नायलॉनचं नको. त्यात डिंक मुरत नाही.

निंबोणी

तीन थर झाले, चौथ्याला घट्ट बसला. चारही बाजूंनी बघितलं, सरळ आहे. डिंक लावून देवळीत उभा केलाय, उद्या दुपारपर्यंत हात लावणार नाही. आप्पांना नमस्कार सांगा.